नकाशावरचा क्रमांक : लाखो तुकड्यांना बोट लावता येण्याचा इतिहास

१/२२
महाराष्ट्र शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की पडद्यावर त्या गावाचा नकाशा उमटतो. त्यातल्या एखाद्या तुकड्यावर क्लिक केले की तेवढाच तुकडा उजळतो आणि त्या गटाची माहिती समोर येते. कृती क्षणाची आहे. पण त्या क्षणात संगणकाला दोन प्रश्न सोडवावे लागतात. इतक्या आकृती रेखाटायच्या कशा? आणि बोट नेमके कोणत्या आकृतीवर पडले, हे ओळखायचे कसे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. त्याचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून जातो, दुसरा कॅनडातून. हा थ्रेड त्या दोन धाग्यांविषयी.

२/२२
आधी अडचणीचा आकार पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावे आहेत आणि प्रत्येक गावात शेकडो, कधी हजारो गट. उदाहरणादाखल १ लाख तुकडे घेतले आणि प्रत्येकाला सरासरी २५ कोपरे धरले, तर कोपरे होतात २५ लाख. प्रत्येक कोपऱ्याला अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे, म्हणजे ५० लाख आकडे. प्रत्येक आकडा दहा अक्षरांत लिहिला तर मजकूर होतो सुमारे ५० एमबी. एवढे ओझे मोबाइलवर उतरवायचे, त्याच्या रेघा ओढायच्या आणि बोट हलेल तसे सर्व पुन्हा रेखाटायचे. सरळ मार्गाने हे काम होत नाही. म्हणून नकाशाच्या इतिहासात खरा प्रश्न नेहमी एकच राहिला आहे : काय दाखवायचे नाही?

३/२२
नकाशा नव्हता तेव्हाही जमिनीला हद्द होती आणि ती शब्दांत सांगितली जात असे. जुन्या दस्तांतली ‘चतुःसीमा’ हा त्याचा नमुना. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा मळा. यात लांबी नाही, कोन नाही, आकृती नाही. आहे ते फक्त शेजार. तरीही एवढ्या वर्णनावरून गावातला जाणता माणूस शेतावर नेऊन उभे करू शकतो. खरेदीखतांत चतुःसीमा आजही लिहिली जाते. हद्द म्हणजे दोन शेजाऱ्यांमधली सामाईक रेघ, हा विचार त्या चार ओळींत आहे. तो लक्षात ठेवावा; १९६० च्या दशकात तो अमेरिकेत एका वेगळ्याच रूपात भेटणार आहे.

४/२२
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला दख्खनचा सारा ठरवायचा होता. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर. के. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात मोजणी आणि आकारणी हाती घेतली. कल्पना तात्त्विक होती : प्रत्येक शेताचे उत्पन्न काढा, त्यातून लागवडीचा खर्च वजा करा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. त्यासाठी लागणारा तपशील अफाट होता. मोजणीत चुका झाल्या, खालच्या कारकुनांनी लाच घेऊन आकडे फिरवले, आकारणी जड झाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. सर्व काही टिपण्याचा हट्ट धरणारी ही पाहणी स्वतःच्याच तपशिलाखाली कोसळली.

५/२२
१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून काम नव्याने मांडले. त्यांची साधने साधी होती. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. निव्वळ उत्पन्नाचा किचकट हिशेब त्यांनी सोडून दिला आणि जमिनीची प्रत लावण्याची सुटसुटीत रीत आणली. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र आले आणि पुढे मुंबई इलाख्यात ती सर्वत्र पसरली. गुंठा आणि आणे हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी आजही आहेत.

६/२२
या पद्धतीचा सर्वांत टिकाऊ भाग मात्र साखळी नव्हे. तो आहे क्रमांक. गावातल्या प्रत्येक मोजलेल्या तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. गावनकाशावर तुकड्याची आकृती आणि तिच्या पोटात एक आकडा, एवढेच. मालक कोण, आकार किती, पीक कोणते, ही माहिती नकाशावर लिहिलीच नाही. ती दप्तरात, त्याच क्रमांकाखाली ठेवली. नकाशा आणि दप्तर वेगळे झाले आणि दोहोंना जोडणारा दुवा फक्त एक आकडा राहिला. मालक बदलला तर दप्तरात फेरफार होतो, नकाशाला हात लागत नाही. शेताची वाटणी झाली तर नकाशावर रेघ वाढते आणि नवा क्रमांक पडतो. हा विभाग साधा वाटतो. पण पुढची दीडशे वर्षे त्यावर उभी आहेत.

७/२२
या सुटसुटीतपणाची किंमतही होती. एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र हे सर्व्हे नंबराच्या आकाराचे माप मानले गेले. त्याहून लहान शेते शेजारच्या शेतांबरोबर एकाच क्रमांकात बांधली गेली. कागदावर एक आकृती. प्रत्यक्षात तिच्यात दोन, तीन, चार घरांची वहिवाट. अशा आतल्या भागांना पोटहिस्से म्हणतात. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाल्यावर त्यांची स्वतंत्र दखल घेणे भाग पडू लागले. म्हणजे नकाशा हलका करण्यासाठी लहान तुकडे गाळण्याची युक्ती संगणकाने शोधलेली नाही. ती इंदापूरच्या काळापासून आहे, आणि गाळले कोण जाते याचे उत्तरही तेव्हापासून तेच आहे : लहान धारणेचा शेतकरी.

८/२२
कागदी नकाशाला आणखी एक मर्यादा होती. त्याला बोट लावून ‘हे कोणते?’ असे विचारता येते. पण ‘काळी माती आणि कालव्याचे पाणी दोन्ही असलेले सर्व तुकडे दाखव’ असे विचारता येत नाही. हा प्रश्न प्रचंड प्रमाणावर प्रथम कॅनडात उभा राहिला. १९६० च्या दशकात त्या सरकारला आपल्या वस्तीयोग्य प्रदेशाची शेती, वने, वन्यजीव अशा अंगांनी नोंद हवी होती. नकाशे हजारोंच्या घरात जाणार होते आणि ते हाताने एकमेकांवर ठेवून मोजण्याइतके मनुष्यबळ नव्हते. १९६२ मध्ये रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाची विमानप्रवासात ली प्रॅट या सरकारी अधिकाऱ्याशी गाठ पडली आणि संगणकाच्या मदतीने हे काम करण्याची योजना आकाराला आली.

९/२२
त्यातून ‘कॅनडा जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टीम’ उभी राहिली. भौगोलिक माहितीप्रणालीचा हा आरंभ मानला जातो. नकाशा ड्रमवर गुंडाळून यंत्राने वाचला जाई आणि रेघांचे आकडे चुंबकीय फितीवर साठत. फितीची अडचण अशी की ती पुढेमागे सरकवावी लागते. नकाशावर शेजारी असलेले दोन भाग फितीवर दूर पडले तर सगळा वेळ फीत फिरवण्यात जातो. १९६६ मध्ये आयबीएमच्या गाय मॉर्टन यांनी तोडगा सुचवला. नकाशाचे चौकोन करायचे आणि ते इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या वळणाने क्रमांकित करायचे. असे केले की नकाशावरचे शेजारी बहुतेक वेळा फितीवरही जवळ राहतात. आजच्या ऑनलाइन नकाशांच्या काही चौकोनांचे क्रमांकही याच तत्त्वावर बेतलेले आहेत.

१०/२२
त्याच सुमारास अमेरिकेच्या जनगणना विभागापुढे रस्त्यांचे जाळे आणि घरांचे पत्ते जुळवण्याचा प्रश्न होता. १९६७ पासून न्यू हेवन शहरातल्या प्रयोगात तेथे ‘डाइम’ ही पद्धत घडली आणि १९७० च्या जनगणनेत ती वापरली गेली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची नोंद अशी : आरंभबिंदू, अंतबिंदू, डावीकडचा विभाग, उजवीकडचा विभाग. म्हणजे रेघ सांगते की तिच्या दोन्ही बाजूंना कोण आहे. चतुःसीमेत शेताचा शेजार रेघांतून सांगितला जातो. येथे रेघेचा शेजार शेतांतून. मूळ विचार एकच. त्याचा व्यावहारिक लाभ मोठा होता : एखाद्या विभागाभोवतीच्या रेघा क्रमाने जोडत गेल्यावर वर्तुळ पुरे झाले नाही, तर चूक कोठे आहे ते यंत्रालाच कळे.

११/२२
आता दुसरा प्रश्न : बोट आकृतीच्या आत आहे की बाहेर? माणसाला ते पाहताच कळते, संगणकाला दिसत नाही. त्याच्याजवळ फक्त आकडे असतात. त्यावरची युक्ती अशी. बोटाच्या बिंदूपासून कोणत्याही एका दिशेला सरळ रेघ ओढा आणि ती आकृतीची सीमा किती वेळा ओलांडते ते मोजा. विषम वेळा ओलांडली तर बिंदू आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर. वेड्यावाकड्या बांधाच्या शेतातून नाकासमोर चालत निघालेला माणूस एक बांध ओलांडून बाहेर येतो, दुसरा ओलांडून पुन्हा आत शिरतो, तिसरा ओलांडून पुन्हा बाहेर. हाच तो हिशेब. बंद वक्ररेषेला आत आणि बाहेर अशा दोनच बाजू असतात, हे कामिय झॉर्दां यांनी १८८७ मध्ये गणिताच्या अंगाने मांडले होते. संगणकासाठीची ही कृती १९६२ मध्ये छापून आली.

१२/२२
पण ही तपासणी लाखभर आकृतींवर एकेक करून करायची तर बोट टेकल्यावर उत्तर यायला वेळ लागेल. १९८४ मध्ये बर्कली येथे अँटोनिन गुटमन यांनी ‘आर-ट्री’ ही रचना मांडली. प्रत्येक आकृतीभोवती एक आयत कल्पायचा. जवळजवळचे आयत एका मोठ्या आयतात बांधायचे, असे मोठे आयत त्याहून मोठ्या आयतात. बिंदू आला की प्रथम सर्वांत मोठे आयत तपासायचे, मग त्यांच्या पोटातले. लाख आकृतींतून शेवटी मोजक्याच उरतात आणि बांध ओलांडण्याचा हिशेब तेवढ्यांपुरता करावा लागतो. जिल्हा, तालुका, गाव, गट ही महसुली उतरंड हेच काम करते. संकेतस्थळ आधी जिल्हा आणि तालुका विचारते, तेव्हा चाळणीचा पहिला भाग वापरणाऱ्याच्या हातून उरकला जातो.

१३/२२
आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे : एवढ्या रेघा हलक्या कशा करायच्या? ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या हद्दीला शंभर वळणे असतात. जिल्हाभराच्या नकाशात त्यांतली पाच पुरतात. ती पाच कोणती? १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉयकर यांनी एक कृती प्रसिद्ध केली. तशीच कृती उर्स रामर यांनी १९७२ मध्ये स्वतंत्रपणे दिली होती. रेघेची दोन टोके सरळ जोडा. या सरळ रेघेपासून सर्वांत दूर असलेले वळण शोधा. ते ठरवलेल्या अंतरापेक्षा दूर असेल तर ठेवा आणि रेघेचे दोन भाग करून हेच पुन्हा करा. नसेल तर मधली सर्व वळणे गाळा. अर्धशतक उलटले तरी ऑनलाइन नकाशांत ही कृती रोजच्या वापरात आहे.

१४/२२
येथे एक सापळा आहे. दोन शेजारी शेतांची हद्द एकच असते. पण संगणकात प्रत्येक शेत स्वतंत्र आकृती म्हणून साठवले, तर तीच हद्द दोनदा लिहिली जाते. मग दोन्ही आकृती वेगवेगळ्या साध्या केल्या की त्यांची वळणे वेगळी गळू शकतात. दोन शेतांमध्ये कोठे फट पडते, कोठे एक शेत दुसऱ्यावर चढते. कागदावर कोणी बांध कोरलेला नसतो, तरी पडद्यावर कोरलेला दिसतो. उपाय जुनाच : सामाईक रेघ एकदाच साठवा आणि दोन्ही शेतांनी तिचा आधार घ्यावा. २०१२ मध्ये माइक बॉस्टॉक यांनी ‘टोपोजेसन’ हा साठवणीचा प्रकार आणला, तो याच तत्त्वावर. त्यात फटही टळते आणि ओझेही उतरते.

१५/२२
इंटरनेटवर नकाशा आला तो १९९३ मध्ये. जूनमध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या स्टीव्ह पुट्झ यांनी ‘मॅप व्ह्यूअर’ खुला केला. पडद्यावर जगाचे चित्र. त्यावर क्लिक केले की दूरचा सर्व्हर त्या ठिकाणचे नवे चित्र काढून पाठवी. ब्राउझरला चित्रातले काहीच कळत नसे. तो फक्त एवढेच कळवी की क्लिक डावीकडून इतके आणि वरून इतके ठिपके अंतरावर झाले. ते कोणत्या देशावर पडले, हे शोधणे सर्व्हरचे काम. प्रत्येक स्पर्शासाठी एक फेरी, आणि त्या काळच्या मोडेमवर प्रत्येक फेरी म्हणजे वाट पाहणे. तरीही पडद्यावरचे चित्र बोटाला उत्तर देते, हा अनुभव तेव्हा अपूर्व होता.

१६/२२
पुढची पायरी म्हणजे आकृतींची यादी ब्राउझरकडेच देणे. जानेवारी १९९७ मधल्या एचटीएमएल ३.२ मध्ये चित्रावर आयत, वर्तुळ आणि बहुभुज आखून त्यांना दुवे जोडण्याची सोय अधिकृत झाली. २००१ मध्ये एसव्हीजी हे मानक आले आणि आकृती चित्रावर न थापता स्वतंत्र घटक म्हणून रेखाटता येऊ लागली. आता प्रत्येक तुकडा स्वतःच क्लिक ओळखू लागला. जगातले देश किंवा महाराष्ट्राचे जिल्हे दाखवायला हे उत्तम. पण आकृती हजारोंच्या पुढे गेल्या की ब्राउझर अडखळतो, कारण तो प्रत्येक तुकड्याची जागा, रंग आणि स्थिती सतत सांभाळत असतो. सोय आणि वेग यांत येथे पहिली मोठी रस्सीखेच झाली.

१७/२२
८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स आले. त्याचे मूळ सिडनीतल्या एका लहान कंपनीत होते. लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश बंधू तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी नकाशा २५६ × २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइलींत कापला. टाइली आधीच रंगवून ठेवलेल्या. पडद्यात मावतील तेवढ्याच पाठवायच्या. सर्वांत दूरच्या दर्जाला अख्खे जग एका टाइलीत बसते आणि पुढच्या प्रत्येक दर्जाला टाइली चौपट होतात. दहाव्या दर्जाला त्या १० लाख ४८ हजार ५७६ भरतात, अठराव्याला ६,८७१ कोटींहून अधिक. तरी पाहणाऱ्याच्या वाट्याला एका वेळी डझन-दोन डझनच येतात. नकाशा बोटाने ओढता येऊ लागला आणि जग ऑनलाइन नकाशाला सरावले.

१८/२२
पण रंगवलेली टाइल मुकी असते. तिच्यात लाख शेते दिसतील. बोट लावल्यावर एकही बोलणार नाही. २०११ मध्ये मॅपबॉक्स येथे ‘यूटीएफग्रिड’ निघाले. प्रत्येक चित्रटाइलीसोबत अक्षरांची एक अदृश्य टाइल पाठवायची : ६४ ओळी, प्रत्येकीत ६४ अक्षरे. एक अक्षर म्हणजे ४ × ४ पिक्सेलची जागा आणि एका आकृतीला एक अक्षर. बोट जिथे पडले तिथले अक्षर वाचायचे, त्या अक्षराचा क्रमांक पाहायचा आणि त्या क्रमांकाची माहिती आणायची. भूमितीचा हिशेब उरलाच नाही. गावनकाशा, त्यातला सर्व्हे नंबर आणि बाजूचे दप्तर यांची मांडणी ज्याने पाहिली आहे, त्याला ही युक्ती नवी वाटू नये. नकाशाने माहिती वाहायची नाही. फक्त क्रमांक वाहायचा.

१९/२२
याच विचाराचे दुसरे रूप रंगांचे आहे. दिसणाऱ्या नकाशामागे एक लपलेले चित्र काढायचे. त्यात प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाने भरायचा. हा रंग सजावटीचा नसून क्रमांकाचा असतो. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ वेगळे रंग. बोटाखालच्या एका पिक्सेलचा रंग वाचला की तुकडा ओळखला गेला. आकृती शंभर असोत वा दहा लाख, वाचन एकाच पिक्सेलचे. २०११ मध्ये वेबजीएल हे मानक आल्यावर ब्राउझरला ग्राफिक्स चिपची ताकद मिळाली. २०१४ पासून मॅपबॉक्सच्या व्हेक्टर टाइलींमुळे चित्राऐवजी आकृतींचे आकडेच टाइलींतून येऊ लागले. एखादे शेत चार टाइलींत कापले गेले तर चारही भागांना एकच क्रमांक असतो. त्यावरूनच ते पुन्हा एक शेत म्हणून उजळते.

२०/२२
टाइल वेगाने यायची तर तिचे वजन मर्यादित हवे. व्हेक्टर टाइली बनवणाऱ्या ‘टिप्पेकॅनो’ या प्रसिद्ध साधनात ती मर्यादा सहसा ५०० केबी धरलेली असते. अतिलहान आकृतींसाठी त्याचा नियम पाहण्याजोगा आहे : त्यांतल्या काहींच्या जागी एक लहानसा चौकोन काढायचा, बाकीच्या वगळायच्या, म्हणजे एकूण क्षेत्र साधारण तेवढेच राहते. आता पुण्याच्या अक्षांशावरचा हिशेब करू. झूमच्या बाराव्या दर्जाला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३६ मीटर. एक चौरस एकर तेथे दोन पिक्सेलही रुंद होत नाही. गुंठा तर पिक्सेलच्या आत विरून जातो. पंधराव्या दर्जाला पिक्सेल साडेचार मीटरचा होतो आणि गुंठ्याला दोन पिक्सेलची रुंदी मिळते. बांधाच्या भांडणातली हातभर जागा तेथेही दिसत नाही.

२१/२२
झूमने गळलेला तुकडा जवळ गेल्यावर परत दिसतो, कारण त्याला क्रमांक आहे. क्रमांकच नसलेला तुकडा कितीही जवळ गेले तरी दिसत नाही. एकाच सातबाऱ्यावर अनेक सहधारक असतात. शेतात प्रत्येकाची वहिवाट वेगळी असते, पण मोजणी होऊन पोटहिस्सा पडलेला नसतो. अशा गटावर क्लिक केले की सगळा गट एकसंध उजळतो आणि आतली घरे एका रंगात बुडतात. शहरांच्या कडेला गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जमिनींचेही असेच. त्यांच्यासाठी २००१ मध्ये राज्याला गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ही उणीव ब्राउझरची नाही, वेगाचीही नाही. दप्तराने जे वेगळे मानले नाही ते पडदा वेगळे दाखवू शकत नाही.

२२/२२
प्रिंगल यांनी सर्व तपशील धरू पाहिला आणि त्याखाली पाहणी बुडाली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी तपशील सोडला, क्रमांक धरला आणि ती पद्धत टिकली. ऑनलाइन नकाशाही याच वाटेने लाखो आकृतींपर्यंत पोचला : चित्र जेवढे हलके करता येईल तेवढे करा, पण क्रमांक हरवू देऊ नका. म्हणून पडद्यावरची रेघ पाहताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. ती रेघ सोयीसाठी साधी केलेली असू शकते. हद्दीचा वाद तिच्यावरून मिटत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची प्रत्यक्ष मोजणी लागते. आणि नकाशावर जो तुकडा दिसत नाही, त्याबद्दल पहिला प्रश्न संगणकाला नव्हे, दप्तराला विचारायचा : याला क्रमांक कधी पडला, आणि पडला नसेल तर का पडला नाही?
(समाप्त)